दोन वाजेपावतो

नागपुरात महिलांच्या कबड्डीची अखिल भारतीय स्पर्धा भरली, तेव्हा प्रेमिला गजभिये सक्करदऱ्याच्या एका शाळेत पाणी तापवत होती. त्र्याहत्तर सालचा डिसेंबर होता आणि थंडी अशी, की पहाटे हंड्याच्या कडेला हात लावला तरी झिणझिण्या याव्यात. देशभरातून संघ आले होते. सीताबर्डीच्या पलीकडच्या मैदानावर लाकडी गॅलऱ्या उभ्या राहिल्या होत्या, लाऊडस्पीकर लागले होते. प्रेमिलाच्या वाट्याला मात्र मैदान आलं नव्हतं, आले होते खेळाडूंचे आईबाप.

ही कल्पना मधुकररावांची. ते स्पर्धेच्या समितीचे चिटणीस. खेड्यातल्या पोरी चांगल्या खेळतात आणि अठरा वर्षांच्या झाल्या की घरचे त्यांना मैदानावरून उठवून नेतात, हे त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं. ते म्हणाले, आईबापांना एकदा बोलवू, मानाने ठेवू, हजारो माणसं पोरीसाठी टाळ्या वाजवताना त्यांना दिसू देत. म्हणून शाळेच्या नऊ वर्गांतले बाक बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या गेल्या आणि दारावर ‘पालक निवास’ अशी पाटी लागली. पण हे सगळं सांभाळणार कोण? मधुकररावांनी दुसऱ्या कुणाचं नावही घेतलं नाही. “प्रेमिला सांभाळेल,” ते समितीत म्हणाले, आणि प्रेमिलाने महानगरपालिकेच्या शाळेतून पंधरा दिवसांची रजा काढली.

मधुकररावांनी सांगावं आणि तिने नाही म्हणावं, असं कधी झालंच नव्हतं. छप्पन साली बारा वर्षांची प्रेमिला पांढरं लुगडं नेसलेल्या आईचं बोट धरून धम्मदीक्षेला गेली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी मधुकरराव नावाचा हा कसरतीचा मास्तर त्यांच्या वस्तीत आला, ओट्यावर बसला, तिच्या आईच्या हातचं पाणी मागून प्याला आणि म्हणाला, “तुमची मुलगी मला द्या. मी तिला खेळाडू करतो.” त्याआधी त्या घरात कोणताही मास्तर पाणी प्याला नव्हता. पुढे प्रेमिला सहा वर्षं विदर्भाकडून खेळली. तिचं खेळणं संपलं तेव्हा शाळेतल्या नोकरीसाठी तेच हिंडले. तिचे वडील वारले तेव्हा खांदा द्यायला तेच होते. तिच्या आईने मरताना तिला सांगितलं होतं, “मास्तरले सोडू नको वं.”

तर प्रेमिला पालक सांभाळत होती. पंजाबातून आलेल्या एका आजीला सकाळी ताक लागायचं. बंगालच्या एका बापाला हिंदी येत नव्हतं, तो सगळं हातवाऱ्यांनी सांगायचा आणि भात पुढे आला की हात जोडायचा. कुणाची पिशवी हरवायची, कुणाच्या पायाला काटा लागायचा. शिवाय खेळाडूंना आईबापांना भेटायची बंदी होती. स्पर्धा संपेपर्यंत मन हलू नये म्हणून खेळाडू वेगळ्या वसतिगृहात होत्या. त्यामुळे निरोप नेणं आणि आणणंही प्रेमिलाकडेच. रोज सकाळी ती सायकलरिक्षाने वसतिगृहावर जायची. कुणाची चादर, कुणाचा लाडू, कुणाचा नुसता निरोप, “खात जा म्हणा पोटभर.”

त्या सगळ्यांत तिचा जीव जडला होता तो रामटेककडच्या एका जोडप्यावर. लहानू आणि प्रयागबाई. थोडं धानाचं शेत, त्यात दोघंही राबणारी. त्यांची एकुलती एक पोर जया विदर्भाची सगळ्यात जलद चढाई करणारी खेळाडू होती. लहानूने आयुष्यात कबड्डीचा सामना पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी मैदानावरून परतला तो घुश्शातच.

“बाई, माह्यी पोरगी चांगली धडधाकट उभी, आन् मागचा एक जण म्हणते, मेली, मेली! असं काहून म्हणते वं तो?”

प्रेमिलाने त्याला समजावलं, की खेळात बाद झालं की तसं म्हणतात, आणि पुन्हा जिवंतही होतात. लहानूला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत आजूबाजूला कुणी ‘मेली’ म्हटलं, की तो वळून सांगायचा, “बाद म्हण गा, बाद. मरते कायले?” चौथ्या दिवशी मात्र त्याला खेळ कळायला लागला. जयाने एका चढाईत तिघींना बाद केलं तेव्हा तो जागेवरून उठला आणि पुन्हा बसला. संध्याकाळी प्रेमिलाला म्हणाला, “मी तिले धानात निंदणाले नेत होतो ना वं बाई. अशी पोरगी मी निंदणाले नेत होतो.”

प्रयागबाई रोज थोडी जवसाची चटणी पुडीत बांधून द्यायची. जया ती पुडी हुंगायची आणि मग विचारायची, “ताई, बाबा काय म्हणते?” प्रेमिला शब्दन् शब्द सांगायची. लहानूचं ते निंदणाचं बोलणंही तिने सांगितलं, आणि जया पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

विदर्भाचा संघ अंतिम सामन्यात पोचला. रविवारी दुपारी चार वाजता सामना. त्या दिवशी साडेदहाच्या सुमारास लहानू हापशावर तोंड धुवायला गेला आणि तिथेच खाली बसला. प्रेमिला धावली. त्याच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता, एक हात छातीवर आवळलेला. तिने रिक्षा बोलावली, मधे लहानूला धरून बसली, पायाशी प्रयागबाई. दवाखान्यात डॉक्टरने तपासलं, सुई दिली आणि प्रेमिलाला बाजूला घेऊन सांगितलं, “हृदयाचा झटका आहे. मोठा आहे. कुणाला बोलवायचं असेल तर आजच बोलवा.”

ती खाटेपाशी परतली तेव्हा लहानू शुद्धीवर होता. बोलायला त्याला त्रास होत होता.

“जयाले आन वं बाई,” तो म्हणाला. “एक डाव तिले पाहू दे.”

प्रयागबाईने प्रेमिलाचा हात धरला. “दोन वाजेपावतो आना. मंग तिची म्याच राहते ना? भेटून लगेच जाईल ते.”

“घेऊनच येते,” प्रेमिला म्हणाली. “काळजी करू नका. मी घेऊनच येते.”

साडेबारा वाजले होते. ती तशीच वसतिगृहावर गेली. फाटकातच मधुकरराव भेटले. त्यांच्या हातात पासांचा गठ्ठा होता, मागे जीप उभी होती. प्रेमिलाने एका दमात सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“तू थकली आहेस. आधी श्वास घे. बघ, डॉक्टर पहिल्या तासात सगळ्यांनाच असं सांगतात. मी स्वतः जाऊन येतो, जीप आहेच. लहानूशी बोलतो. तो म्हणाला तर जयाला मीच घेऊन जाईन. तू शाळेवर जा, तुझ्याकडची एवढी माणसं जेवायची आहेत, त्यांना मैदानावर न्यायचं आहे.”

“पण सर, त्यायनं दोन वाजेपावतो म्हटलं.”

“दोनच्या आत होईल. माझ्यावर विश्वास आहे ना?”

असं विचारायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. प्रेमिलाला उलट लाजल्यासारखं झालं. ती शाळेवर गेली, पंगती वाढल्या, आजीला शाल पांघरून दिली, दोन बसांमधून सगळ्यांना मैदानावर आणलं. तिचं लक्ष सारखं फाटकाकडे होतं. पावणेतीनला मधुकरराव आले, चेहऱ्यावर हसू.

“भेटून आलो. चांगला उठून बसलाय. चहा प्याला माझ्यासमोर. माझा हात धरून म्हणाला, सर, पोरीला खेळू द्या, आता काही सांगू नका. तिची आईही तेच म्हणाली. सामना झाला की तूच तिला घेऊन जा, पदक दाखवायला.”

प्रेमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं तिला वाटलं.

सामन्याआधी जया मैदानाच्या कडेला घोट्याला पट्टी बांधत बसली होती. प्रेमिला पाण्याचा तांब्या घेऊन गेली. जयाने वर पाहिलं.

“ताई, बाबा कुठी बसले?”

प्रेमिलाला एक क्षणही लागला नाही. नंतर कितीतरी वर्षं तिला याचंच नवल वाटत राहिलं, की एक क्षणही लागला नाही. तिने समोरच्या गॅलरीकडे बोट केलं.

“त्या तिकडं, खांबाजवळ. आई बी आहे.”

समोर पाचेक हजार माणसं होती. जयाने उन्हाला हात आडवा धरला, डोळे बारीक करून खांबाकडे पाहिलं आणि हात उंच करून हलवला. तिकडून वीस-पंचवीस हात हलले. जया हसली. “दिसले, दिसले,” ती म्हणाली.

सामना असा झाला, की नागपूरकर पुढे कितीतरी दिवस त्याबद्दल बोलत राहिले. जया वाऱ्यासारखी जात होती आणि परतत होती. प्रत्येक चढाईनंतर ती एकदा खांबाकडे बघायची. शेवटच्या दोन मिनिटांत विदर्भ तीन गुणांनी मागे होता. जया गेली, चौघींच्या पकडीतून स्वतःला ओढत आणलं आणि बोटाचं टोक रेषेला लावलं. गॅलऱ्या मोडतात की काय, असा आवाज झाला. विदर्भ जिंकला.

गर्दी ओसरायच्या आत प्रेमिलाने तिला बाजूला घेतलं. “चल, बाबाकडे जायचं आहे. सकाळी जरा बरं नव्हतं त्यायले, दवाखान्यात ठेवलं. आता ठीक आहेत. तुले त्रास नको म्हणून त्यायनंच सांगू दिलं नाही.”

जया थबकली. “खांबाजवळ होते ना?”

प्रेमिलाने रिक्षा थांबवली. रिक्षात जयाने तोच प्रश्न पुन्हा विचारला नाही. गळ्यातलं पदक तिने मुठीत धरून ठेवलं होतं.

खाटेवर चादर डोक्यापर्यंत ओढलेली होती. प्रयागबाई जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. तिने आधी जयाकडे पाहिलं, मग प्रेमिलाकडे.

“तीन वाजून गेल्यावर गेले,” ती म्हणाली. “मी दाराकडं पाहून राहिली होती. कोणी आलंच नाही.”

“सर आले होते ना? जीपनं?” प्रेमिलाने विचारलं.

“कोनते सर? कोणी नाई आलं वं बाई. तुम्ही गेल्या त्या गेल्याच.”

जया खाटेपाशी गेली. तिने चादर बाजूला केली नाही. बापाच्या पायांवर कपाळ टेकलं आणि तशीच राहिली. तिच्या अंगावर अजून मैदानाची माती होती.

थोड्या वेळाने मधुकरराव आले, समितीची दोन माणसं बरोबर. त्यांनी प्रयागबाईपुढे हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. प्रेमिला त्यांना व्हरांड्यात गाठून म्हणाली, “सर, तुम्ही आले होते ना इथं?”

“नंतर बोलू,” ते हळू आवाजात म्हणाले. “आधी यांना गावी पोचवायला हवं. समितीची गाडी काढायची तर अर्ज लागतो, पालकांची जबाबदारी तुझ्याकडे आहे म्हणून सही तुझी लागेल.” त्यांनी इंग्रजीत टाइप केलेला कागद पुढे केला, पेनचं टोपण काढून दिलं. प्रेमिला मराठी शाळेत शिकलेली, तिसरीला शिकवणारी. एरवी तिने अक्षरं जुळवत वाचला असता. पण आतून जयाचं पहिलं रडणं ऐकू आलं आणि तिने सही केली.

गुरुवारी समितीची बैठक झाली. एका वर्तमानपत्राने विचारलं होतं, की बाप मरणाच्या दारात असताना मुलीला कुणी खेळवलं? अध्यक्ष रुपराव म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी सरळ मधुकररावांकडे पाहिलं. मधुकररावांनी फाइल उघडली आणि प्रेमिलाच्या सहीचा कागद वाचला, आधी इंग्रजीत, मग मराठीत. वडिलांची प्रकृती मला साडेदहा वाजल्यापासून माहीत होती. खेळाडूला न कळवण्याचा निर्णय मी माझ्या जबाबदारीवर घेतला. चिटणिसांना मी सामना संपेपर्यंत कळवलं नाही.

प्रेमिला उभी राहिली. “हे मी लिहिलं नाही. गाडीचा अर्ज म्हणून सही घेतली माह्यी. सरले मी साडेबारालेच सांगितलं होतं.”

“सही तुमचीच आहे ना, बाई?” रुपरावांनी विचारलं.

“सही माह्यी आहे. पण…”

“संघातल्या मुली म्हणतात, जयाला तिचे वडील गॅलरीत बसले आहेत असं तुम्ही सांगितलं. हे खरं आहे?”

ती मधुकररावांकडे बघत राहिली. ते फाइलीची नाडी बांधत होते.

“खरं आहे,” ती म्हणाली.

संध्याकाळी ती त्यांच्या घरी गेली. मधुकरराव व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते, जणू तिचीच वाट बघत. त्यांनी तिला बस म्हटलं. ती उभीच राहिली.

“काहून केलं सर असं?”

“ओरडू नकोस. शांतपणे ऐक. माझ्यावर आलं असतं तर स्पर्धेला मिळणारी मदत बंद झाली असती. मैदान गेलं असतं. वीस वर्षांचं काम. तुझी नोकरी कायम आहे, तुला कुणी हात लावणार नाही. दोन महिन्यांत लोक विसरतील.”

“दवाखान्यात तुम्ही गेलेच नाही.”

“नाही गेलो. गेलो असतो तर मला तिला न्यावंच लागलं असतं.”

प्रेमिलाला वाटत होतं, की अजून काहीतरी कारण असेल. ते सांगतील आणि हे सगळं वेगळंच निघेल. पण त्यांनी एवढंच सांगितलं.

“मग माह्या नावावर टाकायचं होतं तं मले विचारायचं होतं. पंधरा वर्षं झाली सर. तुम्ही म्हटलं असतं तं मी स्वतःहून घेतलं असतं अंगावर.”

“मला माहीत आहे,” मधुकरराव म्हणाले. “तू हो म्हणाली असतीस. मग विचारून काय फरक पडला असता?”

ते अगदी सरळ बोलले, तिला एखादं साधं गणित समजावून सांगावं तसं. आतून त्यांच्या पत्नीने विचारलं, “प्रेमिला आली आहे का? चहा टाकू?” प्रेमिला पायऱ्या उतरून आली. घरी पोचेपर्यंत तिला रडू आलं नाही. घरात आईच्या फोटोसमोर दिवा लावायला काडी ओढली आणि ती हातातच विझली, तेव्हा आलं. मास्तरले सोडू नको. आईला तरी काय ठाऊक होतं!

दहाव्या दिवशी ती रामटेकच्या बसमध्ये बसली आणि पुढे तीन मैल चालत गेली. धान कापून झालेली शेतं नुसती पडली होती. लहानूचं घर शोधायला कुणाला विचारावं लागलं नाही, बाहेर माणसं बसली होती. जया सारवलेल्या अंगणात तांदूळ निवडत होती. तिने प्रेमिलाला पाहिलं, सूप खाली ठेवलं, पण उठली नाही.

प्रेमिलाने सगळं सांगितलं. साडेबाराचं फाटक, जीप, उठून बसलाय म्हणालेले मधुकरराव, इंग्रजी कागद. स्वतःची बाजू सांगताना आपला आवाज हळूहळू भीक मागितल्यासारखा होत चाललाय, हे तिला कळत होतं, तरी ती सांगत राहिली. प्रयागबाई उंबऱ्यावर बसून ऐकत होती.

“सर परवा येऊन गेले,” जया म्हणाली. “जीपनं. म्हणाले, प्रेमिलाची चूक मोठी आहे, पण तिले माफ कर.”

“जया, मी खोटं नाही बोलून राहिली.”

“मले माहीत आहे. तुमच्याकडं पाहून समजते. त्यायनं तुमाले फसवलं.” जयाने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “पण खांबाजवळ बसले म्हणून मले कोनं सांगितलं, ताई? सरनं तं नाही सांगितलं. मी प्रत्येक खेपेले पाहून राहिली होती तिकडं. कोन्या परक्या माणसाले मी हात दाखवला.”

 सरांनी तिला जयाला काही सांगू नको एवढंच म्हटलं होतं. गॅलरी, खांब, आई बी आहे, हे सगळं तिचं स्वतःचं होतं.

मग प्रयागबाई बोलली, पहिल्यांदाच. “मरायच्या जरा आधी म्हणत होते, राहू दे, पोरीची म्याच आता सुरू होईल, खेळू दे तिले.”

प्रेमिलाने झटकन वर पाहिलं. म्हणजे मधुकररावांनी जे रचून सांगितलं, तेच शेवटी लहानूही बोलला होता. क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. प्रयागबाईने ते तिच्या चेहऱ्यावर वाचलं असावं.

“तीन वाजता म्हटलं त्यायनं ते,” ती म्हणाली. “दोन वाजता तं बोलावतच होते ना वं बाई. दोन वाजता दाराकडं मान करून पडले होते. कोणी आलं नाही म्हणून मंग राहू दे म्हटलं.”

तिने आत जाऊन चहा करून आणला. कपबशी प्रेमिलाच्या हातात न देता तिच्यासमोर जमिनीवर ठेवली. तसं ठेवण्यात काही अर्थ होता की नव्हता, हे प्रेमिलाला कधीच कळलं नाही. ती चहा प्याली. निघताना जया अंगणाच्या टोकापर्यंत आली आणि म्हणाली, “सर मले नागपूरले नोकरी लावून देऊन राहिले. एका कचेरीच्या संघात. मी जाणार आहे. घरी आता दुसरं कोण आहे कमावणारं?”

“जा,” प्रेमिला म्हणाली. 

त्यानंतर तिने समितीत पाऊल टाकलं नाही. मधुकररावांनी दोनदा निरोप पाठवला, एकदा दिवाळीचा फराळ पाठवला. तिने डबा उघडलाही नाही, तसाच परत केला. तिच्या शाळेतल्या बायका काही दिवस कुजबुजल्या, मग विसरल्या. लोक खरंच विसरले, आणि मधुकररावांचा तो एक शब्द खरा ठरला याचाच तिला जास्त राग आला.

अडीच वर्षांनी सीताबर्डीवर व्हरायटी चौकात तिला जया दिसली. इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी, केस कापलेले. तिने प्रेमिलाला ओलांडून जाता जाता ओळखलं आणि थांबली.

“कशा आहात, बाई?”

ताई नाही, बाई. प्रेमिलाने ठीक आहे म्हटलं. प्रयागबाईची विचारपूस केली. जया म्हणाली आई बरी आहे, शेत ठोक्याने कसायला दिलं. मग जरा अडखळून म्हणाली, “सरनं मले औंदा कप्तान केलं. स्पर्धा पुन्हा इथंच आहे, हिवाळ्यात. आईले आणायचं म्हणून राहिली मी. तिनं मले खेळताना त्याच वर्षी पाहिलं तेवढंच.”

“माह्या घरी ठेव ना तिले,” प्रेमिला पटकन बोलून गेली. “मी मैदानावर घेऊन येईन, जवळ बसीन.”

जयाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. काय उत्तर द्यावं याचा ती खरोखर विचार करत होती.

“नाही,” ती म्हणाली. “मी बघीन तिचं. माह्या खोलीवरच ठेवीन आणि सामन्याले संघाच्या बाकावर माह्याजवळ बसवीन. सरले तसं सांगितलं आहे मी आधीच. नाही बसवू दिलं तं खेळणार नाही म्हटलं.”

“मंग काय म्हणाले?”

“हो म्हणाले.”

तिची बस आली. जया पदर खोचून धावत गेली, दांडा पकडून चढली. प्रेमिला ज्या कामासाठी आली होती ते तिला मिनिटभर आठवेना. मग आठवलं, शाळेसाठी खडू आणि डस्टर घ्यायचे होते. ती दुकानात शिरली, आणि दुकानदाराने किती हवेत विचारलं तेव्हा तिला दोनदा विचारावं लागलं, काय म्हणालात?